‘बूस्ट’चं बटण दाबण्यापूर्वी

(श्रावणात देवास येथे मंडळाच्या बैठकीत धार व देवास येथील घरगुती आणि छोट्या व्यावसायिकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न व त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आधी एक खुलासा करतो. मी राज्य शासनाच्या नोकरीत आहे. सेवा-नियमांमुळे मला स्वतःचा धंदा करता येत नाही, त्यामुळे आज मला तुम्हाला काहीही विकायचं नाही. माझी एजन्सी नाही, कोर्स नाही. शिक्षण डिप्लोमापर्यंतचं. पण ऑफिसातून घरी आलं की ओळखीची मंडळी मोबाइल घेऊन येतात, ‘भाऊ, जरा बघा ना, पैसे तर कटले, पण ऑर्डर एकही नाही.’ असे बरेच मोबाइल पाहिल्यावर लक्षात आलं की चुका त्याच त्याच आहेत. त्यांच्याबद्दलच बोलणार आहे.

मोठ्या कंपनीचे दहा हजार वाया गेले तर कोणाला पत्ताही लागत नाही. आपल्याकडे पोळी-भाजीचा डबा देणाऱ्या काकूंचे तीन हजार म्हणजे कधीकधी अख्ख्या महिन्याची शिल्लक असते. ते गेले की घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘सांगितलं होतं ना, हे आपलं काम नाही.’ मग पैशांबरोबर उमेदही जाते. चांगला चाललेला उद्योग अशा एका वाक्यावर बंद पडू शकतो, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम ही दोन्ही मेटा या एकाच कंपनीची दुकानं, व्हॉट्सॲपही त्यांचंच. आपण एखादा फोटो टाकला की त्याखाली निळं बटण येतं, ‘बूस्ट पोस्ट’. फार गोड बटण आहे ते. दोन-तीन प्रश्न विचारतं, पैसे घेतं आणि सुरू होतं. बटण वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ते दाबताना यंत्र आपल्याला विचारतं की तुम्हाला काय हवं, आणि तिथे घाईघाईत पहिला पर्याय निवडला जातो. यंत्राला ‘लाइक हवेत’ म्हटलं की ते लाइक आणून देतं. दिवसभर प्रत्येक फोटोला अंगठा दाखवणारे लोक यंत्राला पाठ असतात, आणि अशा लोकांपर्यंत पोचणं स्वस्त पडतं. त्या माणसाला चकली घ्यायची आहे की नाही याच्याशी यंत्राला देणंघेणं नाही. तीनशे लाइक आणि शून्य ऑर्डर, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली आहे. यात यंत्राने फसवलेलं नसतं. मागितलं तेच दिलेलं असतं. आपल्याला फोन किंवा मेसेज हवा असेल तर उद्दिष्टात ‘मेसेज’ निवडा आणि जाहिरातीचं बटण व्हॉट्सॲपला जोडा. लाइक कमी दिसतील. दिसू द्या.

आता जागेचा प्रश्न. आपल्या दोन गावांपुरता हा सगळ्यात खर्चिक विषय आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. जाहिरात कुठे दाखवायची हे ठरवताना नकाशावर टाचणी ठोकून भोवती वर्तुळ काढता येतं. देवासवर टाचणी ठोकून कोणीतरी सहज ४० किलोमीटरचं वर्तुळ काढतो. त्याला वाटतं देवास आणि आजूबाजूची गावं आली. प्रत्यक्षात त्या वर्तुळात इंदूरचा मोठा भाग येतो आणि उज्जैनही येतं. २०११च्या जनगणनेत देवास शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ९० हजार होती, उज्जैनची पाच लाखांच्या वर आणि इंदूरची वीस लाखांच्या आसपास. म्हणजे ढोबळमानाने शंभरातले नव्वद रुपये तुम्ही इंदूर-उज्जैनच्या लोकांना दाखवण्यात खर्च केले. दुपारचा गरम डबा तुम्ही विजयनगरला पोचवणार आहात का? नाही ना? मग वर्तुळ लहान करा. यंत्राने जागा दिली तर सात-आठ किलोमीटर पुरे. आणि ज्यांचा माल कुरिअरने जातो, साड्या, पिशव्या, गोधड्या, त्यांनी उलट करावं: देवास सोडून सरळ इंदूर, भोपाळ, पुणे अशी शहरं नावाने निवडावीत.

आणखी एक बारकावा. मेटा त्या जागी ‘राहणारे किंवा नुकतेच येऊन गेलेले’ असे लोक धरते. देवास आग्रा-मुंबई रस्त्यावर आहे, इथून रोज किती गाड्या जातात ते सांगायला नको. नवरात्रात टेकडीवर माताजींच्या दर्शनाला बाहेरगावची अफाट गर्दी होते. ही सगळी माणसं काही काळ यंत्राच्या हिशेबात ‘देवासची’ असू शकतात. प्रसाद, चहा-नाश्ता, लॉज यांच्यासाठी ही पर्वणीच. पण महिनेवारी डबा देणाऱ्याने नवरात्रात जाहिरात केली तर पैसे पाहुण्यांवर जातील. धारच्या लोकांना मांडवला जाणाऱ्या पर्यटकांबद्दल हेच लागू पडतं. पावसाळ्यात मांडव हिरवागार असतो तेव्हा धारमधल्या नाश्त्याच्या दुकानाने जाहिरात जरूर करावी; शिकवणी वर्गाने करू नये.

धारची अडचण मात्र वेगळी आहे. त्याच जनगणनेत धार शहराची लोकसंख्या लाखाच्या आतच होती. त्यातले मोबाइलवर फेसबुक-इन्स्टा बघणारे, त्यातही ठरावीक वयाचे, असं चाळत गेलात की मूठभर लोक उरतात. मग तीच जाहिरात त्याच माणसाला आठ-आठ, दहा-दहा वेळा दिसते. माणूस कंटाळतो, ‘ही लपवा’ म्हणतो, आणि यंत्र समजतं की जाहिरात वाईट आहे. आकड्यांच्या पानावर ‘फ्रीक्वेन्सी’ नावाचा आकडा असतो. तो चार-पाचच्या वर चालला की जाहिरात बंद करून नवा फोटो घ्यावा, किंवा पंधरा दिवस विश्रांती द्यावी. धारमध्ये वयाची, आवडीनिवडीची चाळणी लावूच नये असं माझं मत आहे. शहर लहान आहे, सगळ्यांना दिसू द्या.

भाषेचं सांगतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं, माल महाराष्ट्रीय, तर भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडावी, म्हणजे नेमके आपले लोक मिळतील. पण यंत्र मुख्यतः हे बघतं की त्या माणसाने आपलं खातं कोणत्या भाषेत ठेवलंय. इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या फोनची भाषा मराठी आहे? हात वर करा. (सभागृहात तीन हात वर झाले.) बघा. आपण घरी मराठी बोलतो, पिढ्यानपिढ्या पवारांच्या काळापासून इथे आहोत, पण फोन इंग्रजीत नाहीतर हिंदीत. ती चाळणी लावली की आपलीच माणसं गळून पडतात. रकाना रिकामा ठेवावा. मजकूर हिंदीत लिहावा, एखादी ओळ मराठीत. आणि शेजारच्या मालवी माणसाला ‘भाजणीची चकली’ म्हणजे काय ते कळत नाही हे लक्षात ठेवावं. त्याला चार शब्दांत सांगा की डाळी-तांदूळ भाजून केलेल्या पिठाची आहे. पुरणपोळी आता सगळ्यांना माहीत झाली. अनारसे, थालीपिठाची भाजणी, मेतकूट अजून नाही. मराठी मंडळींसाठी आपले व्हॉट्सॲप ग्रुप आहेतच, तिथे शुद्ध मराठीत लिहा, आणि तिथे पैसेही लागत नाहीत.

आता हिशेब. हा भाग कोणी करत नाही, म्हणून उदाहरण घेऊन करू. समजा गणेश चतुर्थीसाठी एका वहिनींनी उकडीच्या मोदकांची जाहिरात करायचं ठरवलं. रोजचे ५०० रुपये, सहा दिवस, म्हणजे ३,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ५४० रुपये. (ज्यांचा जीएसटी क्रमांक आहे त्यांनी तो जाहिरातीच्या खात्यात भरावा, नियमात बसत असेल तर कराची वजावट मिळते. बहुतेकांचा नसतो, तेव्हा तो खर्चच.) एकूण ३,५४०. अकरा मोदकांचा डबा ३३० रुपयांना विकला, आणि नारळ, गूळ, तांदळाची पिठी, तूप, गॅस, डबा, सगळं वजा जाता डब्यामागे ११० रुपये सुटले, असं धरू. तर जाहिरातीचा खर्च भरून निघायला ३३ डबे जास्तीचे विकले गेले पाहिजेत. तेव्हा कुठे नफ्याची सुरुवात.

३३ डबे म्हणजे ३६३ मोदक. चतुर्थीच्या सकाळी, तेही नैवेद्याच्या आत. उकड काढणं, मळणं, पारी करून कळ्या पाडणं, वाफवणं. हे यंत्राचं काम नाही, आणि मोदक आदल्या दिवशी करून ठेवला तर पारी कडक होते. घरात दोन बायका असतील तर ठरलेल्या गिऱ्हाइकांचे मोदक करून वर हे साडेतीनशे जमतील का? जमणार नसतील तर जाहिरात कितीही चांगली चालली तरी नुकसानच आहे, आणि उशिरा पोचलेल्या मोदकाचं नाव पुढची दहा वर्षं निघतं. अशा वेळी जाहिरात चतुर्थीच्या दिवसाची न करता उरलेल्या दिवसांची करावी. गणपती दहा दिवस असतो, नैवेद्य रोज लागतो, आणि तिसऱ्या दिवसापासून घरच्या बाईलाही कंटाळा आलेला असतो. ऑर्डर आगाऊ घ्या, निम्मे पैसे आगाऊ घ्या, आणि जेवढे डबे जमतात तेवढे भरले की त्याच मिनिटाला जाहिरात थांबवा.

थांबवण्यावरून आठवलं. जाहिरात सुरू करताना शेवटची तारीख घालायची असते. काही ठिकाणी आधीच ‘मी बंद करेपर्यंत चालू’ असं निवडलेलं असतं. अनंत चतुर्दशी होऊन गेली, गणपती विसर्जित झाले, पितृपक्ष लागला आणि फेसबुकवर मोदकांची जाहिरात अजून सुरूच, असं मी पाहिलं आहे. कार्डातून पैसे जातच होते. नव्या माणसाने कार्ड जोडूच नये. आगाऊ पैसे भरण्याची सोय आहे, यूपीआयने हजार रुपये भरा. ते संपले की जाहिरात आपोआप थांबते.

दुसरी सवय म्हणजे रोज छेडछाड. सकाळी जाहिरात लावली, संध्याकाळी ऑर्डर नाही, म्हणून फोटो बदलला. दुसऱ्या दिवशी वय बदललं, तिसऱ्या दिवशी पैसे वाढवले. या यंत्राला कोणाला दाखवल्यावर उत्तर येतं हे शिकायला वेळ लागतो. मेटाच्या हिशेबाने एका आठवड्यात साधारण ५० प्रतिसाद मिळाले की ते नीट स्थिरावतं. आपल्या छोट्या पैशात ५० मेसेज कदाचित येणारही नाहीत, पण निदान प्रत्येक मोठ्या बदलानंतर शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं एवढं ओळखा. हजार रुपयांच्या पाच जाहिराती करण्यापेक्षा एकच करा आणि सात दिवस तिला हात लावू नका. भाताच्या कुकरचं झाकण दर दोन मिनिटांनी आपण उघडतो का?

फोटोचं थोडक्यात. गूगलवरून उचललेला फोटो लावू नका. तो कोणाचा तरी असतो, आणि गिऱ्हाइकाला डब्यात वेगळंच निघालं की भांडण होतं. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, साध्या ताटलीत स्वतःच्या हातच्या पदार्थाचा फोटो काढा. आपल्याकडे पोस्टर बनवून घेण्याची हौस फार. त्यावर वर गणपती, कोपऱ्यात प्रोप्रायटरचा फोटो, मध्ये दुकानाचं नाव सोनेरी अक्षरात, खाली अकरा पदार्थांची यादी, तीन मोबाइल नंबर आणि ‘एक बार सेवा का अवसर अवश्य दें’. हे फ्लेक्सवर चालतं. मोबाइलच्या चार बोटं रुंद पडद्यावर ते वाचताच येत नाही. एक पदार्थ, एक किंमत, कुठे मिळेल आणि कधीपर्यंत, एवढं पुरतं. किंमत लिहायला लोक घाबरतात. ‘किंमतीसाठी मेसेज करा’ लिहिलं की पन्नास जण नुसती किंमत विचारून गप्प होतात आणि तुमची दुपार उत्तरं देण्यात जाते. रीलला सिनेमाचं गाजलेलं गाणं लावून ते बूस्ट करायला गेलात तर अडेल. धंद्याच्या वापराला त्या गाण्यांची परवानगी नसते.

जाहिरातीत सांगायचं काय? याबाबत एक जुनं मराठी उदाहरण फार चांगलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमिनीत विष भिनेल अशी भीती होती असं सांगतात. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. सुरुवातीला ते कारखान्याचं प्रचारपत्रच होतं, पण लोकांना वाचावंसं वाटेल असा मजकूर त्यात येत गेला आणि पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. आपल्या घरोघरी ते यायचं, वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आज फेसबुकच्या पेजवर रोज ‘ऑर्डर करा, ऑर्डर करा’ एवढंच लिहिणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं. भाजणी किती दिवस टिकते, पुरणपोळी दुसऱ्या दिवशी कशी गरम करावी, हे लिहा. लोकांना उपयोग झाला की ते तुमचा नंबर जपून ठेवतात.

धार जिल्ह्यातल्या आपल्या बागच्या छपाईबद्दल बोललं पाहिजे, कारण इथल्या तीन-चार जणी त्या कापडाच्या साड्या आणि दुपट्टे विकतात. कुक्षीजवळच्या बाग गावात खत्री कुटुंबं लाकडी ठशांनी ही छपाई करतात. लाल रंग तुरटी आणि अलिझरीनचा, काळा लोखंडाच्या गंजाचा, आणि कापड वाहत्या पाण्यात धुणं हा त्या कामाचा मोठा भाग. २००८ साली या छपाईला भौगोलिक निर्देशन, म्हणजे जीआय, मिळालं. आता बाजारात त्याच नक्षीचं यंत्रावर छापलेलं कापड निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. ते विकायला हरकत नाही, पण जाहिरातीत त्याला ‘बाग प्रिंट’ म्हणणं हा १९९९च्या जीआय कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी ज्या माणसाने आठवडाभर पाण्यात उभं राहून कापड धुतलं त्याच्या ताटातला घास आपण काढतो. खरं कापड विकणाऱ्यांनी हे जाहिरातीत दाखवावं: ठशाचा जोड कुठे किंचित सरकलेला दिसतो, उलट्या बाजूला रंग कसा उतरलेला असतो. लोक ज्याला खोट समजतात तीच हातकामाची खूण आहे, हे आधीच सांगितलं तर साडी परत येणार नाही. आणि फोटो ट्यूबलाइटमध्ये काढू नका. तो लाल रंग ट्यूबखाली भलताच दिसतो.

कायद्याचं निघालंच आहे तर दोन गोष्टी. नोकरीमुळे माझं नियमांकडे जरा जास्त लक्ष जातं, हसू नका. घरचे खाद्यपदार्थ विकणाऱ्याने एफएसएसएआयची नोंदणी करावी. छोट्या व्यावसायिकाची मूळ नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते, १४ आकडी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर आणि जाहिरातीत घालावा. गिऱ्हाइकाला त्याचा धीर वाटतो. दुसरं, मेथीच्या लाडवाने किंवा नाचणीच्या पिठाने ‘मधुमेह बरा होतो’ असं लिहू नका. १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्यात मधुमेहासारख्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे. आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘शुगर असणाऱ्यांनाही चालेल’ हेसुद्धा डॉक्टर नसताना लिहू नये. ‘साखर घातलेली नाही’ लिहा, ते खरं असेल तर.

पेज कोणाच्या नावावर आहे? हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो आणि निम्मे लोक वर बघतात. भाच्याने बनवून दिलं होतं, तो पुण्याला नोकरीला गेला, त्याचा जुना नंबर बंद झाला. किंवा कोणा एजन्सीवाल्याने बनवलं, पैशांवरून बिनसलं, आता तो पासवर्ड देत नाही. चार वर्षांची गिऱ्हाइकं, फोटो, लोकांनी लिहिलेले चांगले अभिप्राय, सगळं त्याच्या हातात. दुकानाची भाडेपावती आपण दुसऱ्याच्या नावाने करतो का? आज घरी गेल्यावर पेजच्या सेटिंगमध्ये बघा की पूर्ण अधिकार तुमच्या स्वतःच्या खात्याला आहे की नाही. मदतनीसाला कमी अधिकार देता येतात, तेवढेच द्या. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा.

आणि फसवणूक. पेजवर जाहिरात सुरू झाली की काही दिवसांत मेसेज येतो: ‘तुमच्या पेजने नियम मोडला आहे, चोवीस तासांत बंद होईल, इथे क्लिक करा.’ खाली मेटाचं चिन्हही असतं. मेटा असं मेसेंजरवर लिहीत नाही. क्लिक करून पासवर्ड घातला की पेज गेलं. दुसरा प्रकार आपल्या भागात पटकन खरा वाटतो, कारण महू जवळ आहे. फोन येतो, ‘छावणीतून बोलतोय, जवानांसाठी पन्नास डबे हवेत, पैसे आगाऊ देतो.’ आवाज रुबाबदार, ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. मग क्यूआर कोड पाठवून म्हणतो, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. असं घडलंच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता असते. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट हाही पुरावा नाही, आपल्या खात्यात बघा, मग डबा द्या.

शेवटी एक वही. तीत चार रकाने: तारीख, नाव, काय घेतलं, कुठून कळलं. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला गोड शब्दांत विचारायचं, ‘आमचं कसं कळलं?’ फेसबुक सांगतं तुमची जाहिरात वीस हजार लोकांना दिसली. वही सांगते त्यातले सहा आले, आणि चौदा जण शेजारच्या जोशीकाकूंनी सांगितलं म्हणून आले. मग पुढचे हजार रुपये फेसबुकला द्यायचे की जोशीकाकूंना दिवाळीत एक फराळाचा डबा पाठवायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं. या स्मरणिकेत दर वर्षी तुमच्यापैकी अनेकांच्या जाहिराती असतात, ‘शुभेच्छांसह’. ती अर्धी वर्गणी असते हे मला माहीत आहे, आणि ती द्यावीच. पण त्यातही नुसत्या शुभेच्छा न छापता तुम्ही काय बनवता आणि फोन नंबर काय, एवढं यंदा छापून बघा. आणि वहीत त्याचाही हिशेब ठेवा.

आता प्रश्न घेतो.

(एका ताईंनी विचारलं: मुलं म्हणतात रील कर, पण मला कॅमेऱ्यासमोर येववत नाही.)

चेहरा दाखवायची गरजच नाही. मोदकाच्या कळ्या पाडणारी बोटं दहा सेकंद दाखवा, सोऱ्यातून पडणारी चकली दाखवा. आवाजही नको असेल तर मजकूर लिहा. हात स्वच्छ, ओटा स्वच्छ, मागे घरातली भांडणं ऐकू येत नाहीत ना तेवढं बघा.

(धारच्या एका गृहस्थांनी विचारलं: पहिल्यांदा किती पैसे लावावेत?)

रोजचे दीडशे, सात दिवस. १,०५० आणि कर १८९, मिळून १,२३९ रुपये. एवढे गेले तरी चालतील असं वाटत असेल तरच. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस पहिल्या प्रयोगासाठी घेऊ नका. तेव्हा मोठ्या कंपन्या त्याच जागांसाठी बोली लावतात आणि तुमचा रुपया कमी लोकांपर्यंत पोचतो. फराळाची जाहिरात करायची तर नवरात्र संपताच करा, ऑर्डर तेव्हाच नोंदवून घ्या.

(एका काकूंनी विचारलं: माझे वीस डबे आहेत, ते पुरे आहेत. मला हे सगळं करायला हवं का?)

काकू, मुळीच नको. तुम्ही फक्त व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, ते फुकट आहे. त्यात आठवड्याचा बेत टाका, किंमत टाका, आणि तुम्ही दुपारी झोपता त्या वेळेसाठी आपोआप जाणारं उत्तर लिहून ठेवा. गूगलच्या नकाशावर आपली नोंद करा, तीही फुकट. मात्र तिथे वेळ बरोबर लिहा, आणि गणपतीत डबा बंद ठेवणार असाल तर त्या तारखा आजच घाला. इंदूरहून बदलून आलेला एखादा मुलगा रात्री ‘टिफिन नियर मी’ शोधतो, त्याला तुम्ही सुरू दिसता आणि सकाळी फोन लागत नाही, असं व्हायला नको.